पिपाणीवाल्याची तबकडी

आमच्या घरातून हसण्याचा आवाज फार यायचा. कुंभकोणममधल्या आमच्या गल्लीतून जाणारे लोक क्षणभर थबकत आणि ‘रावांच्या घरची मंडळी सुखी आहेत’ असं तमिळमध्ये एकमेकांना सांगून पुढे जात. अप्पा गाणं शिकवायचे. सकाळी पुढच्या खोलीत तंबोरा लागायचा, मागच्या गल्लीत पितळेची भांडी ठोकणाऱ्यांचे हातोडे सुरू व्हायचे, आणि त्या दोन्हींच्या मधून अप्पांचा आवाज चालायचा. गाताना गोड, बोलताना त्याहून गोड. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. शिष्य बेसूर झाला की ते गाणं थांबवून त्याची चौकशी करायचे. घरी सगळे बरे आहेत ना? मग असा कुणी वारल्यासारखा का रडतोयस? बाकीचे शिष्य हसत. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसे, कारण जो हसायचा नाही त्याची पाळी दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. हे नियम आम्हाला कुणी सांगितले नव्हते. चालायला-बोलायला शिकलो तसे तेही आले.

शिष्य घरी गेले की पाळी अम्माची. लहानपणी ताप डोक्यात जाऊन अम्माचा डावा कान गेला होता. तिरुविडैमरुदूरच्या तिच्या माहेरच्यांनी ही गोष्ट लग्नाआधी सांगितली होती की नाही, यावर घरात दोन मतं होती. गवयाची बायको आणि एका कानाने बहिरी! अप्पांना याहून चांगला विषय कुठून मिळणार? जेवताना ते मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला पाट मांडायला लावायचे. ती वाढायला वाकली की हलक्या आवाजात, अगदी प्रेमाने म्हणायचे, “थोडें विष वाढतेस का?” तिला नुसतं ‘वाढतेस का’ एवढंच कळायचं. ती म्हणायची, “हो, आणतें की.” मग आम्ही सगळे हसायचो. आम्ही म्हणजे मी, माझे दोन भाऊ आणि घरीच राहून शिकणारा सेतू नावाचा एक शिष्य. अम्मा आमच्या तोंडांकडे पाहत उभी राहायची, हातात रसमचं भांडं, आणि मग तीही हसायची. ती कशाला हसतेय हे तिला ठाऊक नसायचं, आणि त्यावर पुन्हा एकदा हसणं व्हायचं. त्या घरात मिरे आणि कढीपत्त्याची फोडणी बसली की इतका सुंदर वास सुटायचा! आजही तो वास आला की आधी माझी भूक मरते.

अंबूअत्या आली तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. अप्पांची ही धाकटी बहीण आम्हा मुलांपैकी कुणी पाहिलेली नव्हती, कारण तिच्या नावाने आंघोळ केलेली होती. ती तरुणपणी पाँडिचेरीला एका शाळेत शिकवायला गेली आणि तिथे मरियादास नावाच्या तमिळ ख्रिस्ती माणसाशी तिने लग्न केलं. तो फ्रेंचांच्या बँडमध्ये ओबो वाजवायचा. ओबो म्हणजे आपल्या नागस्वरमचा, इकडच्या मोठ्या सनईचा, लांबचा, सडपातळ, हळू बोलणारा भाऊबंद समजा. फ्रेंच गेले तेव्हा मरियादासही त्यांच्या मागोमाग गेला, अत्याला घेऊन, आणि तिकडच्या एका लहान शहराच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. तिथे बरीच वर्षं काढल्यावर तो छातीच्या आजाराने वारला. मूलबाळ नव्हतं. अत्या एक पेटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली तेव्हा अप्पा झोपाळ्यावर बसून पान जमवत होते. त्यांनी पानाच्या शिरा काढणं थांबवलं नाही. “ये गे अंबू,” ते म्हणाले. “पिपाणीवाल्याची पिपाणी वाजली म्हणायची!” सेतू फस्सकन हसला. अत्या अजून उंबऱ्याच्या बाहेर होती.

त्या दिवसापासून घरात मरियादासचं नाव पिपाणीवाला. आणि त्याच दिवसापासून आणखी एक गोष्ट झाली, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. अप्पांनी जेवताना पाट अम्माच्या डाव्या बाजूला मांडायचं बंद केलं. आता अत्या समोर बसायची. तिकडे हाताने खातात की फावड्याने? ख्रिस्ताला रसम चालतं का? पिपाणी फुंकून फुंकून त्याची छाती फुटली, हे खरं का? अत्या पानाकडे पाहत भात कालवायची. ती आमच्यासारखी हसायची नाही, म्हणून रोज तिचीच पाळी यायची. अम्मा मात्र त्या दिवसांत अंगाने भरली. तिच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली, ती केसांत कनकांबराची, म्हणजे अबोलीची, फुलं माळू लागली. लोक म्हणत, नणंद आली तर हिला किती आनंद झाला पाहा.

अत्याच्या पेटीत एक तबकडी होती. अप्पा आठवड्यातले काही दिवस पापनाशम्‌ला एका शाळेत गाणं शिकवायला रेल्वेने जात. अशा एका दुपारी अम्मा निजली असताना अत्याने मला खुणेने बोलावलं आणि अप्पांच्या रेकॉर्ड-प्लेअरवरचं विणलेलं झाकण काढलं. “हळू लाव,” मी म्हटलं. “वैनीच्या चांगल्या कानाखाली उशी आहे,” ती म्हणाली. अत्याच्या तोंडचा एवढा एकच विनोद मला आठवतो.

वेष्टनावर पडद्याचं चित्र होतं आणि खाली फ्रेंच अक्षरं. अत्याने ती वाचून दाखवली. संगीतकार मोठा होता, जगभर नावाजलेला, पण हे त्याचं नावाजलेलं काम नव्हे. कुठल्याशा नाटकासाठी त्याने हे लिहून दिलं होतं. नाटक पडलं. संगीताच्या वह्या कपाटात गेल्या. कितीतरी वर्षांनी त्या लहान शहरातल्या लोकांनी त्या बाहेर काढून वाजवल्या आणि तबकडी केली. ती फारशी खपली नाही. मला ते संगीत पहिल्यांदा मुळीच आवडलं नाही. राग नाही, ताल धरावा तर हातून सुटतो, आणि मुख्य म्हणजे मधेच थांबायचं. आता काही होणार असं वाटतं, आणि शांतता. “असें का?” मी विचारलं. “इथें माणूस बोलतें,” अत्या म्हणाली. “नाटक आहे ना? बाई म्हणते, दार लावूं नको, तो येईल. मग वाद्यें पुन्हा.” पुढच्या खेपेला तिने तबकडी लावली आणि त्या शांततेच्या जागी फ्रेंचमध्ये बाईचं वाक्य म्हटलं, मग वाद्यं सुरू झाली. त्यानंतर ते मला आवडू लागलं. पात्रं निघून गेलेली आणि वाद्यं त्यांची वाट पाहत थांबलेली, असं काहीतरी ते होतं.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी ओबो एकटा वाजायचा. संथ, खालून वर जाणारी एक ओळ. बाईला कळलंय की कुणी येणार नाही, आणि ती दिवे मालवतेय, असा तो प्रसंग. त्या आधी अत्या बोट वर करायची. “ऐक.” ओबो सुरू व्हायच्या आधी, अगदी आधी, कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज होता. नाकातून आत ओढलेली हवा. “तो मरियादास,” अत्या म्हणाली. “त्याला सांगितलें होतें, श्वास ऐकू येतो, पुन्हा वाजव. त्यानें तीनदा वाजवलें. तिन्हीदा ऐकू आला. मग म्हणाले, राहूं दे.” तिच्याकडे त्याचे फोटो होते, ते तिने मला दाखवले नाहीत. श्वास मात्र ती मला कितीतरी दुपारी ऐकवत राहिली.

मला आज सुनेशी बोलताना जाणवतं की पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आमची मराठी तिला पोथीतून उठून आल्यासारखी वाटते. ती नाशिकची. ‘तुम्ही असं केलें-गेलें म्हणता ते किती गोड,’ असं ती म्हणते आणि मला हसू येतं. त्याच गोड मराठीत आमच्या घरी काय काय बोललं गेलं ते तिला सांगायचं माझ्या मनात आहे. अजून सांगितलेलं नाही.

एके दिवशी पापनाशम्‌ची शाळा लवकर सुटली. अप्पा दारात येऊन उभे राहिले तेव्हा तबकडी चालू होती आणि अत्याचं बोट वर होतं. मला वाटलं, संपलं. पण अप्पा खूश झाले. “अरे वा! पिपाणीवाला घरींच आहे की! आधीं सांगायचें नाही का?” त्यांनी सगळ्यांना हाक मारली. सेतूला, भावांना, झोपेतून उठवून अम्मालाही. मग ते यंत्रापाशी बसले आणि त्यांनी वेगाची कळ तेहतीसवरून अठ्ठ्याहत्तरवर नेली.

तुम्ही कधी असं केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. सगळा वाद्यवृंद उंदरांची वरात होतो. ओबो तर चिंवचिंव करत, धापा टाकत, शेपटीला आग लागल्यासारखा पळाला, आणि श्वासाची उचकी झाली. सेतू जमिनीवर लोळला. अप्पांनी त्याला विचारलं, “ओळख, राग कोणता?” तो हसण्यामुळे बोलू शकेना, तेव्हा अप्पांनीच सांगितलं, “पोटशूळ! ताल अजीर्ण!” आणि अम्मा हसली. तिला सगळं ऐकू आलं होतं, तो आवाज इतका कर्कश होता. तिला पहिल्यांदाच विनोद कळला होता आणि तो तिच्यावर नव्हता. पदर तोंडाशी न धरता ती हसली, तिच्या मागच्या दाढा मला दिसल्या. अत्या खाली बसून होती. तिने वर केलेलं बोट मुठीत घेतलं होतं.

मग ते रोजचंच झालं. पाहुणे आले, कॉफी झाली, की अप्पा म्हणायचे, “अंबू, तुझ्या यजमानांना बाहेर बोलाव.” शेजारी यायचे, लग्नाचं निमंत्रण द्यायला आलेले लोक यायचे, अठ्ठ्याहत्तरवर पिपाणी ऐकून डोळे पुसत जायचे. काही दिवस सोसल्यावर अत्याने तबकडी मला दिली. “कोठे तरी ठेव. मला सांगू नको कोठे. विचारलें तर मला खोटें बोलतां येत नाही.” मी ती नवरात्रात मांडायच्या कोलूच्या बाहुल्यांच्या पेटीत, पेंढ्याखाली ठेवली. नवरात्र दूर होतं. पेटी कुणी उघडणार नव्हतं.

अप्पांनी विचारलं, अत्या ‘ठाऊक नाही’ म्हणाली, ते खरंच होतं. अप्पा रागावले नाहीत. त्या दिवशी दुपारी त्यांनी आपला पाट उचलून अम्माच्या डाव्या बाजूला नेला. बस्स, एवढंच केलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. अम्माने केसांत फुलं माळायची बंद केली. मग मी पाहिलं की ती घर आवरतेय. धान्याच्या डब्यांत हात घालून पाहतेय, गाद्या उलथतेय, देव्हाऱ्यामागे वाकतेय. मला वाटलं, किती कामसू.

त्याच सुमाराला गावातल्या संगीतसभेची काही मंडळी अप्पांना सत्काराची शाल पांघरवायला घरी आली. दुपारची वेळ. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली, केळ्यांची ताटं, चंदन, गुलाबपाणी. अप्पा गायले आणि खरंच सुंदर गायले. त्यांच्याबद्दल हेही लिहिलं पाहिजे. सभेच्या म्हाताऱ्या अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपून कॉफी फिरत असताना अम्मा आतून आली. तिच्या पदराला पेंढ्याच्या काड्या लागल्या होत्या. तिने तबकडी यंत्रावर ठेवली, सुई स्वतः लावता येत नव्हती म्हणून अप्पांकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, मंडळींना पिपाणी ऐकवा की.”

अत्या माझ्या शेजारी होती. ती अम्माकडे बराच वेळ पाहत राहिली. मग ती उठली आणि सगळ्यांसमोर पुढे गेली. बायका त्या खोलीत अशा पुढे जात नसत. “अण्णा,” ती म्हणाली, “एकदा तेहतीसवर लाव. जसें वाजवलें आहे तसें. एकदाच. मग मोड हवें तर.”

अप्पांनी सभेच्या मंडळींकडे पाहिलं, मग हसून मान झुकवली. “बहिणीचा हट्ट आहे. ऐकूं या.” त्यांनी कळ तेहतीसवर ठेवली आणि सुई दुसऱ्या बाजूच्या शेवटाजवळ सोडली. आधी सगळी वाद्यं, मग शांतता, मग श्वास, मग ओबो. मी अप्पांच्या अगदी बाजूला होते. त्यांनी चेहरा विनोदासाठी तयार ठेवला होता, भुवया वर नेलेल्या. ओळ खालून वर जाऊ लागली तशा त्या भुवया खाली आल्या. त्यांचं पान चघळणं थांबलं. मांडीवरचा त्यांचा उजवा हात हलला, बोटं उघडली, मिटली. तालाला नव्हे, त्या ओळीच्या वळणाला. स्वतः गाताना ते वरच्या षड्जाला जाण्याआधी हात तसा उघडायचे. ते ऐकत होते. माझे वडील ऐकत होते, आणि त्यांना ते आवडलं होतं. हे मी आयुष्यभर शपथेवर सांगेन.

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “बेस आहे की.” अध्यक्षच असावेत. अप्पांचा हात मिटला. त्यांनी वाकून सुई उचलली, ओळीच्या सुरुवातीशी नेली आणि अंगठ्याने दाबून आडवी ओढली. कापड फाटावं तसा आवाज झाला. मग त्यांनी सुई सोडून दिली. ती बरोबर त्या ओरखड्यात अडकली. श्वास. खट्‌. श्वास. खट्‌. श्वास. मरियादास पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिला आणि त्याला वाजवायला मिळेना. अप्पा कान देऊन वाट पाहिल्यासारखं करत बसले, मग मंडळींना म्हणाले, “शिंक कांही येईना बुवा त्याला!”

सगळे हसले. अध्यक्षही हसले, शाल सावरत. अम्माला कळलं नव्हतं, तरी ती हसली. यंत्र बंद करायला कुणी उठलं नाही. अत्याच पुढे झाली. तिने सुई बाजूला केली, तबकडी वेष्टनात घातली, एका बाईला चंदन लावायचं राहिलं होतं तिला ते ताटातून लावलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी भरली. मी तिच्या मागे मागे फिरत होते. “मलाहि ने,” मी म्हटलं. “मी तिकडे शिकेन. तुझें काम करीन.” अत्या पेटीचा पट्टा ओढत होती. “नाही गे पद्मा.” “का?” “तुला नेलें तर अण्णा मागें येईल. मला तो माझ्या मागें नको.” तिने हे इतकं सरळ सांगितलं की मला रडताही आलं नाही. जाताना ती अप्पांच्या पाया पडली. अप्पांनी आशीर्वाद दिला. अम्माने तिच्या हातात दहीभाताचा डबा ठेवला. पुढे आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत तिच्यासोबत कुणी गेलं नाही. मला अप्पांनी तंबोरा लावायला बसवलं होतं.

त्यानंतर अत्या पाँडिचेरीला एका खोलीत राहून मुलांना फ्रेंच शिकवत असे. लग्नानंतर मी तिला एकदाच भेटले. तिने कॉफी दिली, नवऱ्याची चौकशी केली. तबकडी कुठे आहे असं विचारल्यावर ‘टाकली’ म्हणाली. मी उठले तेव्हा तिने मला दारात थांबवलं. “तूं जवळ बसली होतीस. त्याचा हात पाहिलास ना?” “पाहिला,” मी म्हटलं. तिने मान हलवली आणि दार लावलं. अलीकडे सुनेने फोनवर ते संगीत शोधून दिलं, तीच तबकडी, तेच पडद्याचं चित्र. जुनी ध्वनिमुद्रणं साफ करून देतात म्हणे. शांतता आहे, ओबो आहे, ओरखडा नाही. श्वासही नाही. कचरा समजून काढून टाकला असावा. सून म्हणाली, किती स्वच्छ ऐकू येतं ना?

पण मला सांगायचं आहे ते अत्या गेली त्या दुपारचं. पानं मांडली होती. पिठलं, रसम, ताकातल्या तळलेल्या मिरच्या. अत्याची जागा मोकळी होती. अप्पा आले, हात धुतले, आणि पाट हातात घेऊन उभे राहिले. ते कुठे बसायचं ते पाहत होते. त्यांना घाई नव्हती. सेतूने आधीच ओठ ओले करून घेतले होते. मी अम्माकडे पाहिलं. ती तुपाची वाटी हातात घेऊन उभी होती आणि तिच्या गळ्यावरची शीर उडताना मला दिसत होती. मला तिची फार दया आली.

“अहो,” अम्मा म्हणाली. घाईघाईने, अप्पांनी पाट टेकवायच्या आत. “पद्मा आज सकाळीं न्हाणींत तेंच गात होती. त्या पिपाणीवाल्याचें. मीं ऐकलें. म्हणायला सांगा की तिला.”

अप्पा वळले. माझ्याकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं जसं चांगला सूर लागल्यावर यायचं. “खरें की काय?” ते म्हणाले आणि माझ्यासमोर पाट मांडून बसले. “म्हण, म्हण. उभी राहून म्हण.”

मी उभी राहिले. म्हटलं. पहिल्या सुरालाच ते हसू लागले, तरी मी ओळ पूर्ण केली, कारण ती मधेच सोडली तर पुन्हा म्हणावी लागली असती. मग खाली बसले. अम्मा वाढायला आली. ती भावांना वगळून थेट माझ्यापाशी आली, वाकली, आणि माझ्या भातावर तूप वाढू लागली. एक पळी, आणखी एक, आणखी एक, भात बुडेपर्यंत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तो भात सगळा खाल्ला.